पळताना लागणारी धाप: आधी ओळखा, मग मोजा

दिवाळी सरली की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या रस्त्यांवर पहाटे पाचला धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि तिच्यासाठीचे सगळ्यात मोठे लाँग रन नोव्हेंबर-डिसेंबरातच करावे लागतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटरची आणि मुली ८०० मीटरची वेळ कमी करायला मैदानावर आलेल्या असतात. सायकलवाले बारवी धरणाकडे निघालेले असतात. आणि नेमक्या याच आठवड्यांत आपल्याकडची हवा वर्षातली सगळ्यात जड असते.

मग दरवर्षी तेच प्रश्न येतात. "दुसऱ्या किलोमीटरला छाती आवळते, स्टॅमिना कमी पडतोय की दमा आहे?" "पंप घेतला तर त्याची सवय लागेल का?" "अ‍ॅलर्जीची गोळी खाऊन स्पर्धेत उतरलं तर चालतं का?" "सकाळी एमआयडीसीचा वास येतो, तरी पळू का?"

माझी स्वतःची चार वर्षं 'स्टॅमिना कमी आहे' या समजुतीत गेली. सराव वाढवत गेलो, खोकला वाढत गेला. छातीची ताकद मोजणारी साधी तपासणी त्या चार वर्षांत कोणी सुचवली नाही आणि मीही मागितली नाही. म्हणून या लेखात आधी ओळखणं आणि मोजणं घेतो, औषधाचं नंतर.

ही धाप नेमकी कुठली?

बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोरात पळताना हाच आकडा १०० लिटरच्या पुढे जातो. एवढी हवा गाळून, ओली करून आत सोडणं नाकाच्या आवाक्याबाहेरचं असतं, म्हणून आपण तोंडाने श्वास घेतो. कोरडी, धुळीची हवा थेट आत जाते, श्वासनळ्यांचं अस्तर सुकतं आणि भोवतीचे स्नायू आवळतात. दमा किंवा नाकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना हे लवकर होतं. पण कधीच दमा नसलेल्या, वर्षानुवर्षं तासन्‌तास सराव करणाऱ्या खेळाडूंनाही होतं. याचा कमकुवतपणाशी काही संबंध नाही. २००३ साली लंडनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावून जागतिक विक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफ यांना लहान वयापासून दमा आहे.

पण प्रत्येक धाप दम्याची नसते. खालची वर्णनं वाचा आणि तुमचं कशाशी जुळतं ते पाहा.

- श्वासनळ्या आवळणं. पळायला लागून काही मिनिटं झाल्यावर किंवा थांबल्यानंतर ५ ते १५ मिनिटांत त्रास सगळ्यात जास्त होतो. श्वास सोडताना शिट्टीसारखी घरघर, कोरडा खोकला, छातीवर दाब. अर्ध्या ते एक तासात आपोआप ओसरतं. पळून घरी आल्यावर अंघोळीच्या वेळी सुरू होणारा खोकला बहुतेकदा हाच असतो, आणि लोक त्याला 'थंडी लागली' म्हणतात.
- स्वरयंत्राचा अडथळा. जोर सगळ्यात जास्त असताना गळ्याशी काहीतरी बंद झाल्यासारखं वाटतं आणि आवाज श्वास *आत घेताना* येतो. थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळं होतं. पंपाचा उपयोग होत नाही. तरुण मुलींमध्ये हे बऱ्याचदा दमा समजून वर्षभर औषध चालू राहतं. याचा इलाज श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे असतो.
- नाक. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक चोंदलेलं, डोळ्यांना खाज. छाती ठीक असते, पण नाक बंद असल्यामुळे सगळी हवा तोंडाने जाते आणि छातीलाही पुढे त्रास होतो.
- निव्वळ तयारी कमी. धाप लागते, पण घरघर नाही, खोकला नाही, थांबलं की लगेच कमी होते आणि आठवड्यागणिक सुधारते.
- रक्त कमी असणं. विशेषतः मुलींमध्ये. चढावर धाप, दिवसभर थकवा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या.

चार गोष्टींत मात्र वाट पाहू नका. पळताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं: सराव थांबवून आधी हृदयाची तपासणी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, सोबत बारीक ताप किंवा वजन घटणं: सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी, ती मोफत होते. खोकल्यातून रक्त: त्याच दिवशी डॉक्टर. आणि महिन्यागणिक वाढत जाणारी धाप, सोबत कोरडा खोकला आणि बाल्कनीत कबुतरांचा कायमचा मुक्काम: हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाला होणारा आजार वेगळा असतो आणि पंपाने तो थांबत नाही.

दोन आठवड्यांची वही

पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी औषधांच्या मोठ्या दुकानात काहीशे रुपयांत मिळते. घड्याळात हजारो रुपये घालणाऱ्या धावपटूकडे ही नळी नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

1. रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, उभं राहून, पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंका. तीनदा. त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहा.
2. आठवड्यातून दोन-तीन वेळा, जोराच्या सरावाच्या आधी आणि नंतर ५, १० व १५ मिनिटांनी फुंका.
3. शेजारी चार गोष्टी लिहा: कुठे पळलात, किती वाजता, वास किंवा धूर होता का, आदल्या रात्री झोप कशी झाली.

सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत रोज सरासरी १० टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल किंवा सरावानंतर आकडा १५ टक्क्यांनी खाली येत असेल, तर वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. समजा एरवी ५०० येतात आणि पळून आल्यावर ४१०: हा १८ टक्क्यांचा फरक आहे, दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आकडे नीट असूनही त्रास होत असेल, तर तेही डॉक्टरांच्या उपयोगाचं आहे.

डॉक्टरांकडे काय मागायचं

स्पायरोमेट्री मागा. आधी एकदा, मग पंप देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याची बाजू भक्कम होते. इथे खेळाडूंची एक अडचण असते. बसून केलेली तपासणी अगदी सुरेख येते, कारण त्यांची फुप्फुसं मुळात चांगली असतात. रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून घरी परतू नका. 'व्यायामानंतरची स्पायरोमेट्री कराल का?' असं विचारा. ट्रेडमिलवर ६ ते ८ मिनिटं जोरात पळवून नंतर अर्धा तास ठरावीक अंतराने फुंकायला लावतात. १० टक्क्यांहून जास्त घट महत्त्वाची.

उल्हासनगरचं शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय किंवा बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय इथून सुरुवात करता येते. ट्रेडमिलची तपासणी मात्र बहुधा ठाणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात करावी लागेल, तेव्हा जाण्याआधी फोनवर विचारून घ्या.

अ‍ॅलर्जीच्या तपासणीत पैसे फार वाया जातात. त्वचेवर थेंब ठेवून टोचणारी प्रिक टेस्ट अनुभवी डॉक्टरांकडून करून घेतली तर उपयोगी असते. तिच्याआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या ५ ते ७ दिवस बंद ठेवाव्या लागतात. पण 'एका रक्ताच्या नमुन्यात दोनशे पदार्थांची अ‍ॅलर्जी' अशी पॅकेजं घेऊ नका. त्यातल्या आयजीजी चाचण्यांनी अन्नाची अ‍ॅलर्जी ठरत नाही; तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच त्या सांगतात. अशा कागदावरून गहू, दूध, डाळ सोडून सहा महिन्यांत अशक्त झालेले धावपटू मी पाहिले आहेत.

इथली हवा, इथले महिने

मुंबईच्या धावपटूंसाठी लिहिलेले सल्ले आपल्याला पुरत नाहीत. आपण मलंगगड आणि माथेरानच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी राहतो, समुद्राचा वारा आपल्यापर्यंत मंदावून येतो आणि वस्तीच्या मधोमध एमआयडीसी आहे.

*हिवाळा.* रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची थंड हवा खाली बसते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी पसरते. कचऱ्याचा धूर, वीटभट्ट्यांचा धूर, रस्त्याच्या कामांची धूळ, कारखान्यांची वाफ हे सगळं त्या झाकणाखाली अडकतं. सूर्य वर येऊन जमीन तापली की झाकण उघडतं, साधारण साडेआठ-नऊच्या पुढे. म्हणजे 'पहाटेची शुद्ध हवा' ही समजूत आपल्याकडे हिवाळ्यात उलटी आहे.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की सात-सव्वासातची लोकल पकडायची असते, पाचला नाही पळालो तर पळणारच कधी? बरोबर आहे. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आठवड्याची मांडणी बदला. जोराचे दोन सराव शक्य असेल तर संध्याकाळी किंवा घरात, जिममध्ये. पहाटे फक्त हळू पळणं, किंवा ताकदीचे व्यायाम. आणि रविवारचा लाँग रन पाचऐवजी साडेसात-आठला सुरू करा. उन्हाचा त्रास थोडा होईल, पण या दोन महिन्यांतलं आपलं ऊन सोसवणारं असतं.

*फेब्रुवारी ते मे.* ठाणे-रायगडच्या भातशेतीत राब भाजतात. वांगणी, नेरळच्या बाजूला किंवा बारवीच्या रस्त्याने जाणाऱ्या सायकलवाल्यांना हा धूर अचानक भेटतो. शेतकऱ्याचा तो जुना रिवाज आहे, त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा तुमची वाट बदला. धुरातून 'पटकन पार होऊ' म्हणून जोर लावला तर धूर दुप्पट आत जातो. वेग कमी करा किंवा मागे फिरा. वावळाची झाडं याच सुमारास फुलतात; त्याच्या परागांची अ‍ॅलर्जी भारतात बऱ्याच जणांना असते.

*पावसाळा.* बाहेरची हवा धुतलेली असते, त्रास घरात असतो. ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी आणि गादी-उशीतले, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे. दमट हवेत ते फोफावतात. ओले बूट आणि घामाचे कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवा. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो: डास पळवायची कॉइल झोपायच्या खोलीतून हद्दपार करा, मच्छरदाणी लावा. रात्रभर कॉइलच्या धुरात झोपून पहाटे हवेचा दर्जा तपासणं निरर्थक आहे.

*सप्टेंबर-ऑक्टोबर.* गवत फुलतं, गाजरगवत फुलतं, पुढे सातवीण उग्र वासाने घमघमते. पावसाळ्यात बऱ्या असलेल्या लोकांचं नाक इथे बिघडतं. नाकाचा स्प्रे डॉक्टरांनी दिला असेल तर तो त्रास सुरू झाल्यावर नव्हे, त्याआधी दोन आठवडे सुरू करायचा असतो.

एक्यूआय पाहा, पण नाकही वापरा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर सगळ्यात जवळच्या केंद्राचा एक्यूआय (हवेच्या दर्जाचा निर्देशांक) दिसतो. माझा स्वतःचा नियम असा:

- १०० पर्यंत: ठरवलेला सराव करा.
- १०१ ते २००: दमा-अ‍ॅलर्जी असेल तर जोराचा सराव नको, हळू आणि कमी वेळ.
- २०१ ते ३००: दमा-अ‍ॅलर्जी असेल तर बाहेर चालणं ठीक, पळणं नको. धडधाकट असाल तरी अंतर कमी करा.
- ३०० च्या पुढे: घरातच.

मात्र एक्यूआय धूलिकण, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे ठरावीक घटक मोजतो. रंग-रसायनांच्या कारखान्यांतून येणारी सॉल्व्हंटची वाफ त्या आकड्यात धरलेली नसते. म्हणून अ‍ॅपवर ८० दिसत असताना आनंदनगर किंवा खरवई एमआयडीसीच्या बाजूला घसा खवखवू शकतो. अशा वेळी तुमचं नाक खरं धरा. N95 मास्क धुळीला अडवतो, या वाफांना नाही. तो लावून जोरात पळताही येत नाही. चालायला किंवा सायकलवर सावकाश जायला ठीक.

औषधं: कशाला घाबरू नये, कशाला घाबरावं

पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते तेवढीच. श्वासातून घेतलेलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट जागेवर पोचतं. गोळी मिलिग्रॅममध्ये असते आणि अख्ख्या शरीरात फिरते. तरीही आपल्याकडे लोक गोळीला साधी आणि पंपाला शेवटचा उपाय मानतात. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून पंप लपवणारी घरं मला माहीत आहेत. त्या मुलीचा दमा लपवल्याने बरा होत नाही, तिची दौड मात्र संपते.

- फक्त मोकळं करणारा पंप पुरेसा नाही. सराव सुरू करण्याआधी १५ मिनिटं साल्ब्युटामॉल घेऊन भागत असेल आणि तो आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर सूज कमी करणारं स्टेरॉइडचं इनहेलर हवं. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी एकट्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये असं स्पष्ट केलं आहे. कोणतं इनहेलर, किती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.
- घेण्याची पद्धत दाखवून घ्या. दाबायच्या पंपाला स्पेसर लावा. कॅप्सूलच्या यंत्रातून मात्र जोरात ओढावं लागतं. दोन्हीची रीत उलटी आहे. डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा. स्टेरॉइड घेतल्यावर गुळण्या करा.
- नाकाचे थेंब. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ५ दिवसांपेक्षा जास्त नको. नंतर नाक त्या थेंबांमुळेच चोंदतं. स्टेरॉइडचा स्प्रे वेगळा, तो महिनोन्‌महिने चालतो. जलनेती करत असाल तर उकळून गार केलेलं पाणीच वापरा, नळाचं नको.
- अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. सेटिरिझिनने झोप येते. फेक्सोफेनाडिन, बिलास्टिनने कमी. लिव्होसेटिरिझिनसोबत मॉन्टेल्युकास्ट असलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास मिळते. मॉन्टेल्युकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं, उदासी, चिडचिड होते. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. असं काही जाणवलं तर लगेच सांगा.
- 'अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन'. त्यात काय आहे ते विचारा, नाव लिहून घ्या. मला दर ऑक्टोबरात मिळणाऱ्या इंजेक्शनात स्टेरॉइड होतं हे फार उशिरा कळलं. वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात.

औषधाखेरीज एक फुकटचा उपाय आहे: वॉर्म-अप. मुख्य सरावाआधी १० मिनिटं हळू पळून मग ३०-३० सेकंदांच्या सहा-आठ वेगवान धावा, मध्ये चालणं. बऱ्याच जणांच्या श्वासनळ्या त्यानंतर तासभर किंवा अधिक वेळ कमी आवळतात.

पदकासाठी खेळत असाल तर

जिल्हा, राज्य, आंतरविद्यापीठ, राष्ट्रीय अशा स्पर्धा खेळणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने नाडाला (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) कायद्याचा आधार आहे आणि 'डॉक्टरांनी दिलं होतं' हे उत्तर तिथे पुरत नाही.

- चालतं, मर्यादेत: श्वासातून घेतलेलं साल्ब्युटामॉल (२४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, पण कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही; म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचे ६ पफ), फॉर्मोटेरॉल (२४ तासांत ५४), साल्मेटेरॉल (२४ तासांत २००). स्टेरॉइडचे इनहेलर आणि नाकाचे स्प्रे नेहमीच्या मात्रेत चालतात. नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्याही चालतात, पण त्यांत स्यूडोएफेड्रिन मिसळलेलं नाही ना हे बघा. स्पर्धेच्या काळात त्यावर मर्यादा आहे.
- चालत नाही: टर्ब्युटालिन, कोणत्याही रूपात. आपल्याकडच्या कफाच्या कितीतरी सिरपांमध्ये ते असतं. साल्ब्युटामॉलची गोळी आणि सिरपही नाही. बॅम्ब्युटेरॉल नाही.
- स्पर्धेच्या काळात चालत नाही: स्टेरॉइडची गोळी (प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, बीटामेथासोन) आणि स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन. औषध शरीरातून जायला दिवस-आठवडे लागतात, तेव्हा 'स्पर्धेच्या आधी घेतलं' हा बचाव होत नाही.
- विचारल्याशिवाय नको: लेवोसाल्ब्युटामॉल, आणि दम्यावरची आयुर्वेदिक मिश्रणं. त्यांत सोमलता असेल तर तिच्यात एफेड्रिन असतं.

नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' या सोयीवर औषधाचं नाव टाकून पाहा. बंदी असलेलं औषध खरोखर गरजेचं असेल, तर उपचारासाठीची सवलत मागणं हा तुमचा हक्क आहे. स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टसह अर्ज स्पर्धेच्या ३० दिवस आधी करा. जीव गुदमरत असेल तेव्हा मात्र यादी बघत बसू नका. आधी औषध घ्या. तातडीच्या उपचारासाठी नंतरही सवलत मागता येते.

वास आला तर: आधी निघा, मग तक्रार

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायन सोडल्यामुळे शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. जून २०२१ मध्ये बदलापुरात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये रात्रीच्या वायुगळतीने लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास कोंडले. पळताना आपण हीच हवा पंधरापट ओढतो, हे लक्षात ठेवा.

- पळणं थांबवा, चाला. तोंडावर ओला रुमाल धरा. वाऱ्याला आडवे निघा, वासाच्या दिशेने नको. नाल्याच्या किंवा नदीच्या काठाने जाऊ नका.
- डोळे-घसा जळत असेल, धुकं दिसत असेल तर ११२ किंवा अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. श्वास लागत असेल तर १०८.
- घरी पोचल्यावर कपडे बदला, डोळे धुवा, पीक फ्लो फुंका. आकडा लिहून ठेवा.
- तक्रार लेखी करा. कारखान्याच्या वासासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कल्याणचं कार्यालय. कचरा जाळण्यासाठी उल्हासनगर महापालिका किंवा अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, वास कसा होता (सडक्या अंड्यासारखा, रंगासारखा, क्लोरिनसारखा) आणि किती जणांना त्रास झाला, हे लिहा. पोच घ्या. महिनाभरात काही झालं नाही तर माहितीच्या अधिकारात त्याच तक्रारीवर काय कारवाई झाली ते विचारा.

उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. अर्जात त्याचा उल्लेख करा. धावपटूंच्या गटाने आपापल्या वह्यांतले आकडे जोडून एकत्र अर्ज दिला तर त्याला वजन येतं. एकट्याच्या तक्रारीला 'तुम्हालाच दमा आहे' असं उत्तर मिळतं.

आरोग्य विमा

पॉलिसी घेताना दमा लपवू नका; पुढे दावा नाकारायला तेच कारण पुरतं. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, ही मर्यादा एप्रिल २०२४ पासून आहे. पंप घेत असल्यामुळे पॉलिसी नाकारली गेली तर कारण लेखी मागा.

अंगावर पित्त उठून धाप लागली तर

हे कमी जणांना होतं, पण जिवावर बेतू शकतं. काही लोकांना कोळंबी किंवा गहू एरवी पचतो. पण तो खाऊन दोन-चार तासांत पळालं, त्यातही अंगदुखीची गोळी घेतलेली असली, की अंगभर गांधी, ओठांना सूज, उलटी, चक्कर आणि गुदमरणं असं सगळं एकदम येतं. पळणं तिथेच थांबवा, आडवे व्हा, पाय उंच ठेवा (श्वास लागत असेल तर टेकून बसा), १०८ ला फोन. याचा इलाज मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आहे; अ‍ॅलर्जीच्या गोळीने वेळ जातो. एकदा असं झालं असेल तर तज्ज्ञांना भेटेपर्यंत एकट्याने पळू नका.

शर्यतीच्या दिवशी

आदल्या आठवड्यात नवं औषध सुरू करू नका. नवं इनहेलर, नवा स्प्रे निदान महिनाभर आधी सरावात वापरलेला असावा. पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणार असाल तर झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेत श्वासनळ्या लवकर बिथरतात. शक्य असेल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा. सकाळचा पीक फ्लो तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली असेल तर वेळेचं लक्ष्य सोडा, आरामात धावा. ६० च्या खाली असेल तर धावू नका. बिब पुढच्या वर्षीही मिळतं.

वाटेत छाती आवळली तर कडेला या, बसा, दर मिनिटाला एक असा पफ घ्या. चार पफनंतर मोकळं झालं नाही, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर स्वयंसेवकाला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगा आणि ती येईपर्यंत एकूण १० पर्यंत पफ घेत राहा.

इनहेलर बॅगेत ठेवायला देऊ नका, कमरेच्या पट्ट्यात ठेवा. आणि बिबच्या मागच्या बाजूला जी माहिती भरायची असते, ती जागा कोरी सोडू नका: दमा आहे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, घरच्यांचा फोन, आणि इनहेलर पट्ट्याच्या कोणत्या खिशात आहे तेसुद्धा.